बालविकास आणि मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून घ्यावा का? (मुलं फारशी आवडत नसतील तरी?)

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

पदवीचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि पुढच्या महिन्यात मुख्य विषयाचा अर्ज भरायचाय. बालविकास आणि मानसशास्त्र घ्यावं असं मनात आहे. यंदा तोंडओळख म्हणून एक पेपर होता. त्यात एक व्हिडिओ दाखवला. तीन महिन्यांचं बाळ पाळण्यात, घोट्याला रिबन, रिबनचं दुसरं टोक वर टांगलेल्या खेळण्याला. पाय झाडला की खेळणं हलतं. काही मिनिटांत बाळाला ते उमगतं आणि ते दणादण पाय झाडायला लागतं. काही दिवसांनी पुन्हा त्याच पाळण्यात ठेवलं की पाय लगेच सुरू. या वयात ही आठवण साधारण आठवडाभर टिकते म्हणे. ज्याला बोलता येत नाही त्याला 'आठवतंय का' असं त्याच्या पायाकरवी विचारता येतं, हे बघून मी जी अडकले ती अडकलेच.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. घरचे म्हणतात, मुलं सांभाळायला पदवी कशाला? मैत्रिणी म्हणतात, तुला मुलं आवडतात, छान जमेल. खरं तर मला मुलं तशी फारशी आवडत नाहीत. राग नाही, पण बाळ दिसलं की गालगुच्चा घ्यावासा वाटत नाही. आणि संख्याशास्त्रात मी जेमतेम काठावर पास आहे. या विषयात ते किती असतं? हे शिकून पुढे माणूस नक्की काय करतो? शिकलेल्यांनी आणि शिकता शिकता सोडलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

खारूताई
वाचतेय. माझा मुलगा पुढच्या वर्षी याच वळणावर येईल.

कोरडा ठणठणीत
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपल्या आज्यांनी सात-सात मुलं वाढवली, एकीनेही पियाजे (मुलं विचार कसा करतात हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ) वाचला नव्हता. जे घरात फुकट कळतं त्याला चकचकीत नावं द्यायची आणि चार वर्षांनी पदवी घ्यायची, एवढंच आहे हे. हाताला काहीतरी कौशल्य लागेल असं शिका.

नाना फडताळे
कोरडेबुवा, आज्यांनी सात वाढवली हे खरं, पण त्या सातांतला मी एक. नमुना बघून मत बदलायचं असेल तर कधीही भेटा.

जुनी वही
@अर्धविराम, मी हाच विषय घेतला होता, पंधरा वर्षं झाली. पुढे पदव्युत्तर शिक्षण केलं आणि आता मुलांच्या विकासाची तपासणी करणाऱ्या गटात काम करते. बोलायला उशीर, चालायला उशीर, शाळेत रमत नाही, अशी मुलं आमच्याकडे येतात.

'मुलं आवडत नाहीत' याची काळजी सोड. दुसऱ्या वर्षी आम्हाला निरीक्षणाचा पेपर होता. एक मूल, वीस मिनिटं, जे दिसेल ते लिहायचं. मी लिहिलं, 'चिडून ठोकळे फेकले.' बाईंनी 'चिडून'भोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, 'हे कुठे दिसलं?' 'फेकले'भोवती दुसरा गोल. मला भयंकर राग आला. डोळ्यांना दिसतंय की पोरगं चिडलंय! पुढच्या आठवड्यात त्याच मुलाचं पुन्हा लिहिलं: 'उजव्या हाताने वरचा ठोकळा ढकलला. मनोरा पडला. दाराकडे पाहिलं. दोन ठोकळे रचले. पुन्हा दाराकडे पाहिलं.' आता सांगा, चिडलाय की कुणाची वाट बघतोय? पहिल्या आठवड्यातही तो दाराकडे बघत असणार. मी एका शब्दात निकाल लावून मोकळी झाले होते, त्यामुळे दार माझ्या वहीत आलंच नाही.

वर्गात ज्यांना मुलं फार आवडायची त्यांना हा पेपर जास्त जड गेला. चाचणी घेताना त्या नकळत मान डोलवायच्या, बरोबर उत्तराकडे बघायच्या, मूल अडलं की 'अगं तो बघ ना लाल' म्हणायच्या. मायेपोटीच, पण चाचणी वाया. तुला जे रिबनमध्ये दिसलं ते या विषयासाठी जास्त कामाचं आहे.

कोरडा ठणठणीत
निरीक्षण वगैरे ठीक. पण त्यातून निघतं काय? मुलांना प्रेम द्या, वेळ द्या. हे सांगायला प्रयोगशाळा लागते?

माळ्यावरची पेटी
कोरडे साहेब, घरात फुकट कळलेलं बऱ्याचदा चुकीचं असतं, घोडं तिथे पेंड खातं. पोटातल्या बाळाला मोझार्ट ऐकवला की ते हुशार होतं, हे ऐकलंच असेल तुम्ही. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात तो अभ्यास आला. त्यात बाळ एकही नव्हतं. ३६ कॉलेजचे विद्यार्थी, आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यात थोडी सुधारणा, तीही दहा-पंधरा मिनिटं टिकणारी. त्यावरून पुढे सीड्यांचा बाजार उभा राहिला.

बाळाला पालथं झोपवावं की उताणं, हेही घरचं ज्ञानच होतं. बाळांना पालथं झोपवा असा सल्ला कित्येक वर्षं तज्ज्ञसुद्धा देत होते. १९९०च्या आसपास पुरावा जमला, सल्ला उलटा झाला, बाळाला उताणं झोपवा अशा मोहिमा निघाल्या आणि पाळण्यात अचानक होणारे मृत्यू बऱ्याच देशांत ठळकपणे कमी झाले. 'एवढं तर कुणालाही कळतं' याची किंमत कधीकधी अशी असते.

कोरडा ठणठणीत
दुसरा मुद्दा मान्य. पहिल्या सीडीचा एक नग आमच्या घरीही आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

नाना फडताळे
परिणाम काय झाला तेवढं तरी सांगा!

कोरडा ठणठणीत
लेक दहावीत आहे. हेडफोन काढत नाही.

आकडेमोड
धागालेखिकेने संख्याशास्त्राचं विचारलंय, सगळे त्यावरून हळूच निसटले. मी शिकवतो ते, म्हणून सांगतो: असतं. भरपूर असतं. 'आकड्यांपासून सुटका' म्हणून मानसशास्त्राकडे येणारी मुलं दर वर्षी बघतो आणि दर वर्षी तेच चेहरे तिसऱ्या आठवड्यात पडलेले असतात.

पण गणित अवघड नसतं, विचार अवघड असतो. उदाहरण देतो. समजा, आज पाच वर्षांची आणि दहा वर्षांची मुलं मोजली. दहावाल्यांना जास्त जमलं. हे वाढीमुळे, की दोन्ही तुकड्यांचं बालपणच वेगळं होतं म्हणून? सांगता येत नाही. मग तीच मुलं वर्षानुवर्षं मोजायला हवीत. न्यूझीलंडमध्ये डनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेली १,०३७ मुलं घेतली आणि त्यांची तपासणी अजून चालू आहे. ती आता पन्नाशी ओलांडून पुढे गेलीत. परदेशी गेलेल्यांना तपासणीसाठी विमानाने आणतात. पंचेचाळिशीच्या फेरीतही हयात असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त आले होते. का एवढा आटापिटा? कारण जे गळतात ते उगाच कुणीही नसतात. ज्यांचं बरं चाललेलं नाही तेच जास्त गळतात आणि मग आकडे गोड दिसायला लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की वर्तमानपत्रातली निम्मी 'संशोधन सांगते' छापाची बातमी आपोआप विरघळते.

काठावर पास असशील तर घाबरू नकोस. कशावर अडखळलीस, सूत्रांवर की 'हे का करतोय' यावर?

अर्धविराम
@आकडेमोड, 'हे का करतोय' यावर. सूत्र पाठ होतं, पण कुठलं कधी वापरायचं ते कळायचं नाही.

आकडेमोड
मग बरा आजार आहे. औषध आहे त्यावर.

पानगळ
सोडलेल्यांनीही लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. मी दुसऱ्या वर्षानंतर विषय बदलला.

एक कारण साधं. प्रात्यक्षिकासाठी एका बालवाडीत पाठवायचे. तिथे सहा महिने मी कागद कापले, नाकं पुसली आणि हजेरीवर सही घेऊन परत आले. मुलांकडे काय बघायचं हे सांगायला कुणी नव्हतं. कॉलेजला फुकटचे तास भरायचे होते, बालवाडीला फुकटचे हात हवे होते. त्यामुळे @अर्धविराम, अर्ज भरण्याआधी एक गोष्ट विचार: प्रात्यक्षिकाच्या काळात तुझ्या नोंदी कोण वाचणार आणि किती वेळा? 'बघू', 'होतं ते' असं उत्तर आलं तर समजून जा.

दुसरं कारण लिहू की नको असं झालंय. आसक्तीचा सिद्धांत (लहानपणी आईशी जडणाऱ्या नात्याबद्दलचा) शिकताना मी प्रत्येक प्रकरण स्वतःच्या बालपणाला लावून बघायला लागले. आईला फोन करून जाब विचारायचे. 'मी एक वर्षाची असताना तू मला किती वेळ सोडून जायचीस?' ती बिचारी गप्प. रोमानियाच्या अनाथालयांतल्या मुलांवरचं शिकवलं त्या रात्री जेवले नाही. हे विषयाविरुद्ध म्हणत नाहीये. पण हा विषय वाचणाऱ्याला बाहेर उभं राहू देत नाही, प्रत्येक जण एकेकाळी मूल असतोच. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जुनी वही
पानगळ, प्रात्यक्षिकाचं शंभर टक्के खरं. मला बाई चांगल्या मिळाल्या हे नशीब, व्यवस्था नव्हे.

आईला फोन करण्याबद्दल, मीही केले होते गं. आमच्या वर्गात तर पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपल्या धाकट्या भावंडाला काही ना काही निदान लावलं होतं. माझ्या भावाला मी दोन लावली होती. तो आजही आठवण करून देतो.

एक मात्र सांगते. आसक्ती तपासायची ती एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंची पद्धत आई चांगली की वाईट हे मोजायला नव्हतीच. बारा ते अठरा महिन्यांचं मूल, अनोळखी खोली, तीन-तीन मिनिटांचे प्रसंग, आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. नवख्यांचं सगळं लक्ष रडण्याकडे असतं. बघायचं असतं ते आई परत आल्यावर काय होतं ते. हात पसरून जातं का, जवळ जाऊन परत ढकलतं का, खेळण्यात मान घालून बसतं का. आणि हे त्या जोडीतल्या नात्याचं त्या वेळचं चित्र. तीस वर्षांच्या मुलीला त्यावरून आईला कोर्टात उभं करता येत नाही.

भटकी पेन्सिल
+१. शिवाय तो साचा सगळीकडे सारखा बसत नाही. उत्तर जर्मनीत केलं तर परत आलेल्या आईकडे न बघणारी मुलं जास्त निघाली. जपानमध्ये केलं तर आवरता न आवरणारी जास्त. म्हणजे एका देशाच्या आया थंड आणि दुसऱ्याच्या चिकट? की ज्या मुलाला आईने कधी खोलीत एकटं सोडलंच नाही, त्याच्यासाठी ती तीन मिनिटं म्हणजे डोंगर कोसळणं? १९८८ मध्ये आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा गंमत निघाली. देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन अभ्यासांतला फरक मोठा होता.

मला या विषयाबद्दल हीच तक्रार आहे. 'चार वर्षांचं मूल असं करतं' असं पुस्तक बिनधास्त सांगतं. कुठलं मूल? बहुतेक वेळा विद्यापीठाच्या आवारातल्या पाळणाघरातलं, शिकलेल्या आईबापांचं.

माळ्यावरची पेटी
त्या मार्शमेलोच्या (मऊ, गोड खाऊ) प्रयोगाचंच बघा. एक आत्ता, की थांबलास तर दोन? थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात, असं भाषणांतून ऐकून कान किटले. मूळ मुलं स्टॅनफर्डच्या आवारातल्या शिशुशाळेतली. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांवर ते पुन्हा तपासलं. घरची परिस्थिती आणि आधीची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर तो संबंध अगदी पातळ झाला.

मला त्याहून आवडलेला प्रयोग २०१३चा. नुसती २८ मुलं. आधी चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थांबलास तर याहून चांगले रंग आणून देतो. निम्म्यांना खरंच आणून दिले. निम्म्यांना 'सॉरी, नाहीयेत' म्हणून परत आले. मग मार्शमेलो. ज्यांना शब्द पाळणारा माणूस भेटला ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना थाप मारणारा भेटला ती तीन. म्हणजे पोराचा संयम मोजतोय असं वाटत होतं, आणि मोजला जात होता समोरच्या मोठ्या माणसावरचा भरवसा.

नाना फडताळे
माझा बाप 'उद्या आणतो' म्हणायचा. मी आजही ताटात आलेलं लगेच संपवतो. आज कारण कळलं.

खारूताई
नाना! :) पण खरंच, हे वाचून मुलाला काल दिलेला एक शब्द आठवला. उठते.

कोरडा ठणठणीत
वाचतोय सगळं, माघार घेत नाहीये, फक्त वाचतोय. नोकरीचं कुणी बोलेल का? तो प्रश्न अजून तसाच आहे.

जुनी वही
बोलते. नुसत्या पदवीवर समुपदेशक किंवा उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. हे मोठ्याने सांगायला हवं, कारण निम्मी मुलं तेच समजून येतात. मुलांवर उपचार करायचे तर पुढचं शिक्षण, देखरेखीखाली काम आणि जिथे राहाल तिथल्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. म्हणजे आणखी बरीच वर्षं. ती तयारी नसेल तर आत्ताच घरी तसं सांग, नंतर कटकट नको.

माझ्या वर्गातले आज कुठे आहेत? एक वाचा आणि भाषा उपचाराकडे वळली, त्यासाठी वेगळं शिकली. दोघी बालवाडीत शिक्षिका. एक जण मुलांची ॲप्स बनवणाऱ्या ठिकाणी आहे, त्याचं काम म्हणजे चार वर्षांच्या मुलाचं बोट बटणावर पोचतंय का ते बघणं. एक रुग्णालयात मुलांना ऑपरेशनआधी बाहुलीवर सगळं करून दाखवते. एक पीएचडी करून बाळांच्या डोळ्यांची हालचाल मोजतो. तिघांचा या विषयाशी काही संबंध उरला नाही, त्यातला एक विमा विकतो आणि आमच्या सगळ्यांपेक्षा सुखी आहे.

पानगळ
विमा विकणारा आमच्याही वर्गात आहे. प्रत्येक तुकडीला एक मिळत असावा.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होते कारण एक उद्योग करून बसले.

आमच्या पुस्तकात पियाजेचा पाण्याचा प्रयोग आहे. म्हटलं, करून तर बघू. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा. (आईला विचारलं होतं, त्यालाही विचारलं, 'खेळायचं का?' तर 'हो' म्हणाला.) दोन सारखे ग्लास, सारखं पाणी. 'दोन्हींत सारखं आहे का?' त्याने खाली वाकून, एक डोळा मिटून बघितलं. 'सारखं.' मग एकातलं पाणी त्याच्यासमोर उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं. 'आता? सारखं की एकात जास्त?' त्याने पाण्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग उंच ग्लासावर बोट ठेवून म्हणाला, 'यात.' पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर चूक! मी खूश होऊन वहीत लिहीत होते, तर तो म्हणाला, 'ताई, मघाशी मी बरोबर सांगितलं होतं ना? मग परत का विचारलंस?'

मला उत्तर देता आलं नाही. आता झोप येत नाहीये. त्याला खरंच उंच ग्लासात जास्त वाटलं, की परत विचारलं म्हणजे पहिलं चुकलं असं वाटलं?

जुनी वही
अगं!! त्याने माझी सकाळ सोन्याची केली. पियाजेवरचा हाच आक्षेप आहे. १९७४ मध्ये दोघींनी (पाण्याऐवजी वस्तूंच्या रांगा घेऊन) बदल करण्याआधीचा प्रश्न गाळला आणि फक्त बदल केल्यावर एकदाच विचारलं. मुलांच्या चुका कमी झाल्या. शाळेत मोठं माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा कधी विचारतं? पहिलं उत्तर चुकल्यावर. मूल पाण्याबद्दल नाही, तुझ्याबद्दल विचार करत होतं. तरी सगळ्याच चुका त्याने पुसल्या जात नाहीत, पियाजे पुरता खोटा ठरत नाही. म्हणून तर हा विषय अजून संपलेला नाही.

आणि तू लिहिलंयस, 'पाण्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.' लाल गोल एकही नाही.

माळ्यावरची पेटी
पियाजेची सुरुवातही अशीच. माणूस मूळचा प्राणिशास्त्राचा, गोगलगायी-शिंपल्यांतला. पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्या प्रमाणित करायचं काम मिळालं. काम होतं बरोबर उत्तरं मोजायचं. याचं लक्ष गेलं चुकीच्या उत्तरांकडे, एका वयाची मुलं एकाच पद्धतीने का चुकतात याकडे.

भटकी पेन्सिल
आता दुसऱ्या मुलावर एकदाच विचारून बघ. त्याच मुलावर नको, त्याला तुझा कावा कळलाय.

कोरडा ठणठणीत
मीपण केलं. बहिणीची लेक, सहा वर्षं. एकदाच विचारलं. म्हणाली, 'सारखंच आहे, तू नुसतं ओतलंस मामा.' आणि वर 'तुला माहीत नव्हतं?' कौशल्याबद्दल जे वर लिहिलंय ते तात्पुरतं स्थगित.

अर्धविराम
कोरडेमामा, धन्यवाद :) माझा दुसरा मुलगा पाच वर्षं दोन महिन्यांचा. एकदाच विचारलं, 'सारखं' म्हणाला. अर्ज अजून भरलेला नाही. विभागात जाऊन आले, प्रात्यक्षिकाच्या नोंदी दर आठवड्याला वाचून परत मिळतात म्हणाल्या. मागच्या वर्षीची एक वही दाखवा म्हटलं तर उद्या बोलावलंय.

@आकडेमोड सर, एक शंका. माझा एक, दुसरा एक, आणि मामांची भाची सहा वर्षांची. तिला धरायचं का? आणि यावर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) चालेल का?

आकडेमोड
नाही आणि नाही. भाचीचं वय वेगळं, प्रयोग करणारा वेगळा, शिवाय तो मामा. पण भाचीला का धरू नये हे तुझं तुला लिहिता आलं तर अर्धं औषध लागू पडलं समज. लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.